संपादक महोदय, ते औषध वॉर्डात आधीच होते

मा. संपादक महोदय,



आपल्या दैनिकाचे नाव या पत्रात मी मुद्दाम लिहिलेले नाही. आपल्याला ते ओळखू येईल. आणखी कुणा संपादकांना हे पत्र आपल्यालाच लिहिले आहे असे वाटले, तर त्यांचेही फार चुकणार नाही.

मी रत्नागिरीत रसायनशास्त्र शिकवते. समुद्रातल्या स्पंजांच्या अंगात कोणती रसायने असतात हे शोधण्याचे काम महाविद्यालयाच्या लहानशा प्रयोगशाळेत, विद्यार्थ्यांना हाताशी धरून, बरीच वर्षे करते आहे. काही वर्षांपूर्वी त्या कामाची बातमी आपल्या पहिल्या पानावर आली. कोकणच्या समुद्रात कर्करोगावर रामबाण औषध सापडले, असे ठळक अक्षरांत, आणि खाली माझे छायाचित्र. गावाकडून अभिनंदनाचे फोन आले. आईने कात्रण जपून ठेवले. मला मात्र त्या सकाळी वर्गात उभे राहणे जड गेले, कारण समोर बसलेल्या माझ्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांनाही ठाऊक होते की आम्हाला तसले काही सापडलेले नाही.

आपल्या वार्ताहराबद्दल माझी तक्रार नाही. तरुण मुलगा, वही घेऊन आला, तासभर बसला, कळले नाही तिथे पुन्हा विचारले. ‘मॅडम, म्हणजे हे कॅन्सरवर चालेल का?’ असे त्याने विचारले तेव्हा मी म्हटले होते, ‘ते कळायला वीस-पंचवीस वर्षे लागतात, आणि बहुतेक वेळा उत्तर नाही असेच येते.’ माझ्यासमोर त्याने ते लिहून घेतले. बातमीत ते वाक्य नव्हते. मी फोन केला तर बिचारा म्हणाला, ‘मी दिलं होतं मॅडम, डेस्कवर कापलं. हेडिंगही तिकडेच पडलं.’ म्हणून हे पत्र त्याला नाही, आपल्याला आहे.

आम्ही काय केले होते ते आधी सांगते, कारण छापून यायला हवे होते ते हेच. मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरची जाळी रिकामी होतात तेव्हा मासळीबरोबर समुद्राच्या तळाचे बरेच काही वर आलेले असते. शंख, दगड, शेवाळ, आणि स्पंज. नारिंगी, जांभळे, काळपट, मळकट पिवळे गोळे. हाताला बुळबुळीत, वासाला उग्र. उघड्या हातांनी हाताळले तर दिवसभर कातडी चुणचुणते. ती चुणचुण स्पंजाच्या अंगातल्या काचेच्या सुयांची असते. स्पंजाचा बारीक तुकडा काचपट्टीवर घेऊन त्यावर ब्लीचचे दोन-चार थेंब टाकले की मऊ भाग विरघळून जातो आणि खाली सुया उरतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर कुठे दोन्ही टोकांना अणकुचीदार, कुठे एका टोकाला गोल बोंड, कुठे तीन-तीन फाटे फुटलेल्या. बहुतेक स्पंजांची जात या सुयांवरून ओळखायची. रंगावर विसंबून चालत नाही, कारण एकाच जातीचा स्पंज उजेडात एका रंगाचा आणि कपारीत दुसऱ्याच रंगाचा असू शकतो. हे सुयांचे वाचन नीट येणारी माणसे आपल्या देशात अगदी थोडी आहेत.

जात ठरली की उरलेला स्पंज चिरून मिथेनॉलमध्ये बुडवून ठेवायचा, गाळायचा, मग कमी दाबाखाली मिथेनॉल उडवून लावायचे. फ्लास्कच्या तळाशी तपकिरी, चिकट गाळ राहतो. त्यात किती तरी पदार्थ एकमेकांत मिसळलेले असतात. तो गाळ आम्ही दुसऱ्या एका संस्थेत पेशींवरच्या चाचणीसाठी पाठवला. तिथे बारीक खळग्यांच्या प्लॅस्टिकच्या तबकडीत कर्करोगाच्या पेशी वाढवतात, त्यांवर नमुना टाकतात, आणि दोन-तीन दिवसांनी प्रत्येक खळग्यात एक पिवळे रसायन सोडतात. पेशी जिवंत असल्या तर ते जांभळे होते. आमच्या गाळाच्या काही खळग्यांत जांभळा रंग फिका पडला. इतकेच घडले होते. कोणत्या पदार्थामुळे फिका पडला, तो पदार्थ निरोगी पेशींनाही तसाच मारतो का, रक्तात गेल्यावर तो टिकेल का, यांतले काहीच आम्हाला माहीत नव्हते. तबकडीतल्या पेशी मिठाच्या दाट पाण्यानेही मरतात. आम्ही हे एका साध्या संशोधनपत्रिकेत साध्या शब्दांत लिहिले आणि पुढच्या कामाला लागलो.

बातमी आल्यावर फोन सुरू झाले. कुणाच्या आईला स्तनाचा कर्करोग, कुणाच्या भावाला घशाचा. नांदेडहून, चंद्रपूरहून, एक तर दुबईहून. प्रत्येकाला तेच हवे होते: औषध कुठे मिळेल, किती रुपयांना मिळेल, किती दिवस घ्यायचे. मी नाही म्हटले की समोरचा माणूस थोडा वेळ गप्प राहायचा आणि मग विचारायचा, ‘पैसे वाढवून दिले तर?’

केवळ त्या फोनांमुळे मी पत्र लिहिले नसते. एक गृहस्थ आले, त्यांच्यामुळे लिहिते आहे.

मराठवाड्यातले शेतकरी. रात्रभर एसटीने प्रवास करून सकाळी महाविद्यालयाच्या फाटकाशी उभे होते. पिशवीत आपले कात्रण आणि मुलाची फाइल. मुलगा एकोणीस वर्षांचा, रक्ताचा कर्करोग, त्यातला झपाट्याने वाढणारा, ज्याला डॉक्टर एएमएल म्हणतात तो. मुंबईत पहिला उपचार होऊन गेला होता आणि पुढच्या फेरीसाठी भरती व्हायची तारीख येऊन गेली होती. त्यांनी मुलाला नेलेच नव्हते. ‘ते औषध लई विषारी हाय बाई,’ ते म्हणाले. ‘सलाईनमधून देत्यात आन् डोळ्यांतसुदिक थेंब घालावं लागत्यात. तोंडात फोड आलं, पोराला पाणी गिळवंना. तुमचं समुद्रातलं द्या. त्यानं तरास होत न्हाई असं ऐकलंय.’

मी फाइल उघडली. पुढच्या फेरीत जे औषध द्यायचे होते त्याचे नाव तिथे स्वच्छ अक्षरांत होते: सिटाराबीन, मोठा डोस. सोबत डोळ्यांचे थेंब, कारण मोठ्या डोसात हे औषध अश्रूंबरोबर डोळ्यांत उतरते आणि तिथे दाह करते.

संपादक महोदय, ते सिटाराबीन मुळात स्पंजाच्या अभ्यासातूनच आलेले आहे.

ही गोष्ट मी त्या गृहस्थांना सांगितली. काका, तुम्ही जे शोधत इथवर आलात ते तुमच्या मुलाला तिथे दिले जातेच आहे, माझ्याकडे त्याहून चांगले काहीही नाही, आजच्या गाडीने परत जा आणि त्याला भरती करा. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग कात्रण माझ्यापुढे धरून विचारले, ‘मग ह्यात खोटं लिवलंय का?’ माझ्याच छायाचित्राच्या कात्रणासमोर मी त्यांना काय पटवणार होते? मुंबईच्या डॉक्टरांशी मी बोलले, त्यांनी मुलाला लगेच आणायला सांगितले, काका दुपारच्या गाडीने गेले. नंतर त्यांचा फोन लागला नाही. मुलाला ते घेऊन गेले का, हे मला आजही माहीत नाही.

आता सिटाराबीनची हकीकत सांगते. आपल्या दैनिकात ती मी कधी वाचली नाही, दुसऱ्या कुठल्या मराठी दैनिकातही नाही, आणि माझे खरे दुःख ते आहे.

दुसरे महायुद्ध संपता संपता अमेरिकेत येल विद्यापीठातले वर्नर बर्गमान हे रसायनशास्त्रज्ञ समुद्री प्राण्यांतल्या चरबीसारख्या पदार्थांचा अभ्यास करत होते. कर्करोगाशी त्यांचा काही संबंध नव्हता. फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातून आणलेल्या एका स्पंजात त्यांना अनपेक्षितपणे वेगळेच स्फटिक मिळाले. त्या स्पंजाचे तेव्हाचे शास्त्रीय नाव क्रिप्टोटेथिया क्रिप्टा. रॉबर्ट फीनी या सहकाऱ्यासह त्यांनी त्या पदार्थांची रचना उलगडली आणि १९५० व १९५१ मध्ये ती प्रसिद्ध केली. नावे दिली स्पंजोथायमिडीन आणि स्पंजोयुरिडीन.

हे पदार्थ डीएनएच्या घटकांसारखे होते, पण एका जागी वेगळे. आपल्या पेशी डीएनएमध्ये डीऑक्सिरायबोज नावाची साखर वापरतात. स्पंजाने तिच्याऐवजी ॲरॅबिनोज ही साखर वापरली होती. फरक एका कार्बनवरच्या हायड्रॉक्सिल गटाचा: एका साखरेत तिथे तो गटच नसतो, दुसरीत असतो आणि तोही वरच्या बाजूला तोंड करून. इतक्याशा फरकाने काय होते ते पुढच्या संशोधकांनी दाखवले. पेशी विभागण्यापूर्वी आपल्या डीएनएची नक्कल करते, एकेक दुवा जोडत साखळी वाढवते. ॲरॅबिनोजचा दुवा दिसायला अगदी खऱ्यासारखा, म्हणून ती तो उचलून साखळीत बसवते. पण आकडा वाकडा असलेल्या कडीत पुढची कडी अडकत नाही, तसे तिथे होते. साखळी खुंटते. जी पेशी सारखी विभागत असते, तिला हा घाव सर्वांत जास्त बसतो. रक्ताच्या कर्करोगातल्या पेशी तशाच असतात. तोंडातल्या अस्तराच्या पेशी, केसांच्या मुळांतल्या पेशी, अस्थिमज्जेतल्या निरोगी पेशीही झपाट्याने विभागतात, म्हणून फोड येतात, केस जातात, रक्तातल्या पेशी खाली येतात. त्या काकांच्या मुलाला पाणी गिळवत नव्हते त्याचे कारण हेच होते, औषध चुकीचे असणे हे नव्हे.

स्पंजाकडून ही कल्पना मिळाल्यावर रसायनशास्त्रज्ञांनी ॲरॅबिनोजला डीएनएतले वेगवेगळे घटक जोडून पाहिले. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियात सिटाराबीन प्रथम तयार झाले. १९६९ मध्ये अमेरिकेने ते औषध म्हणून मान्य केले. त्याचेच भावंड विडाराबीन १९७६ मध्ये हर्पीसच्या विषाणूवर मान्य झाले. एएमएलच्या पहिल्या उपचारात सात दिवस रात्रंदिवस सिटाराबीनचे सलाईन आणि तीन दिवस दुसरे एक औषध, ही पद्धत १९७०च्या दशकात बसली आणि आजही जगभर अनेक रुग्णांचा उपचार तिथूनच सुरू होतो. सात दिवस सतत का, तर शरीर हे औषध फार लवकर निकामी करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत ते आहे, आपल्या राष्ट्रीय यादीतही आहे. त्याचा एकस्वाचा काळ केव्हाच संपला, भारतात ते बनते, आणि कर्करोगाच्या आजच्या कित्येक औषधांच्या तुलनेत ते खूप स्वस्त आहे.

ते बनवायला एकही स्पंज मारावा लागत नाही, हेही लिहा. ते कारखान्यात तयार होते. स्पंजाच्या अंगात जसेच्या तसे सिटाराबीन सापडलेले नव्हते. स्पंजाने वाट दाखवली आणि माणसांनी पुढचे काम केले. एवढी मोठी, पूर्ण झालेली, खरी ठरलेली गोष्ट आपल्यासमोर पन्नास वर्षांहून अधिक काळ पडून आहे. मुंबईत, पुण्यात, नागपुरात, जिथे जिथे रक्ताच्या कर्करोगाचे वॉर्ड आहेत तिथे तिथे ती सलाईनच्या स्टँडला टांगलेली असते. आपण वाचकांना जे औषध नाही त्याची बातमी दिली, आणि जे आहे त्याबद्दल एक ओळ कधी दिली नाही.

आपल्या एका उपसंपादकांनी मला नंतर सांगितले की लोकांना आशा हवी असते. मला ते कळते. कर्करोगाच्या घरात मीही बसले आहे. पण आशा द्यायची तर तिचा खरा आकार सांगून द्यावी.

हॅलिकॉन्ड्रिन बी या पदार्थाचे पाहा. टोकियोच्या दक्षिणेला मिउरा द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या काळ्या स्पंजातून योशिमासा हिराता आणि दाइसुके उएमुरा यांनी तो वेगळा केला, १९८६च्या सुमारास. ६०० किलो स्पंजातून मिळाले साडेबारा मिलिग्रॅम. चमच्याच्या टोकावर मावेल त्याहूनही कमी. पेशींवर आणि उंदरांवर त्याचा परिणाम विलक्षण होता, पण माणसांवर चाचणी करायला लागणारे औषध आणायचे कुठून? समुद्र खरवडून काढला असता तरी पुरले नसते. १९९२ मध्ये हार्वर्डचे योशितो किशी आणि त्यांचे सहकारी यांनी तो रेणू प्रयोगशाळेत पहिल्यापासून शेवटपर्यंत बांधून दाखवला. त्यातून असे लक्षात आले की अख्ख्या रेणूची गरज नाही, अर्धा भागच काम करतो. त्या अर्ध्या भागात फेरफार करून एसाई या जपानी कंपनीने एरिब्युलिन तयार केले. ते बनवायला साठाहून अधिक रासायनिक पायऱ्या लागतात. २०१० मध्ये पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

शोधापासून मान्यतेपर्यंत २४ वर्षे. ज्या चाचणीवर ती मान्यता मिळाली तिच्यात ७६२ स्त्रिया होत्या, आधीचे अनेक उपचार करून थकलेल्या. इतर उपचार घेणाऱ्या गटात निम्म्या स्त्रिया साडेदहा महिन्यांहून थोडा अधिक काळ जगल्या, एरिब्युलिन घेणाऱ्या गटात तेरा महिन्यांहून थोडा अधिक. फरक अडीच महिन्यांचा. एरवी पसरलेल्या आजारात इतके उपचार होऊन गेल्यावर कुठल्याही एका औषधाने आयुष्य वाढलेले क्वचितच दिसते, म्हणून हे अडीच महिने मोठे ठरले. ज्या घरात मुलीचे लग्न ठरलेले असते, नातवंड व्हायचे असते, त्या घरात ते किती असतात हे मला सांगायची गरज नाही. एका पिढीभर चाललेल्या कामातून हे अडीच महिने मिळाले, हे वाचायला आपल्या वाचकांना कठीण गेले असते असे मला वाटत नाही. ते समजून घेतात. त्यांना सांगितलेच जात नाही.

आणि न जमलेली गोष्टही सांगायला हवी. बहामाजवळच्या स्पंजातून १९९०च्या सुमारास डिस्कोडर्मोलाइड नावाचा पदार्थ मिळाला. कर्करोगाच्या पेशींवर तो अतिशय प्रभावी होता. नोव्हार्टिस कंपनीने चाचणीसाठी तो प्रयोगशाळेत ६० ग्रॅम तयार केला, आणि एवढ्या गुंतागुंतीच्या रेणूच्या बाबतीत तो मोठाच पराक्रम होता. माणसांवरच्या पहिल्याच टप्प्यात फुप्फुसांना इजा होते असे दिसले आणि चाचणी थांबली. आमच्या तपकिरी गाळात जे काही आहे, ते डिस्कोडर्मोलाइड जिथवर पोचले तिथवर पोचण्याची शक्यताही अगदी थोडी. गोव्याच्या दोना पावला इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, लखनौची केंद्रीय औषध संशोधन संस्था, अशा संस्थांतल्या संशोधकांनी आपल्या किनाऱ्यावरच्या समुद्री जीवांवर दशकानुदशके मन लावून काम केले आहे. आपल्या समुद्रातल्या स्पंजातून अजून एकही औषध औषधांच्या दुकानापर्यंत पोचलेले नाही. यात कुणाचा कमीपणा नाही. हे काम असेच असते.

मग स्पंजांमागे का लागायचे, असे आपण विचाराल. दहावीच्या पुस्तकात मुले रंध्रीय प्राण्यांबद्दल दोन-चार ओळी पाठ करतात: अंगभर छिद्रे, कॉलर पेशी, एका जागी स्थिर. त्या स्थिर असण्यातच सगळे आहे. स्पंज पळू शकत नाही, चावू शकत नाही, बहुतेकांना कवच नाही. दिवसभर पाणी आत ओढायचे, त्यातले जीवाणू आणि कण खायचे, पाणी बाहेर टाकायचे. माशाने लचका तोडू नये, शेजारच्या प्रवाळाने अंगावर चढू नये, पाण्यातल्या जंतूंनी आत घर करू नये, यासाठी त्याच्याकडे रसायनांखेरीज काही नाही. त्यातही बरीच रसायने तो स्वतः करत नाही, त्याच्या शरीरात राहणारे सूक्ष्मजीव करतात. काही स्पंजांच्या आकारमानाचा चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग अशा सूक्ष्मजीवांचाच असतो. साठ कोटी वर्षांच्या आसपास हे एकत्र राहणे चालू आहे. आजवर स्पंजाच्या नऊ हजारांहून अधिक जातींना नावे मिळाली आहेत आणि त्यांतल्या फार थोड्यांची रसायने कुणी तपासली आहेत. मला हे काम जन्मभर पुरेल इतके सुंदर वाटते, औषध निघो अथवा न निघो.

बातमीने आणखी एक नाते तोडले, तेही सांगते. मिरकरवाड्यातल्या एका ट्रॉलरचे तांडेल माझ्यासाठी स्पंज बाजूला काढून ठेवायचे. पैसे कधी घेतले नाहीत. ‘मॅडम, पोरांना शिकवता ना, न्या,’ म्हणायचे. बातमीनंतर मी बंदरावर गेले तर त्यांनी क्रेट दाखवला नाही. शेवटी म्हणाले, ‘आमच्या जाळ्यातल्या कचऱ्याचं तुम्ही कोटीचं औषध केलंत म्हणतात. आम्हाला सांगितलं असतंत तर बरं झालं असतं.’ मी खूप समजावले. त्यांनी मान हलवली, पण पूर्वीसारखे काही राहिले नाही.

त्यांचा प्रश्न खरे तर रास्त आहे. २००२च्या जैवविविधता कायद्यात तत्त्व स्पष्ट आहे: इथल्या जैवसाधनांच्या व्यापारी वापरातून लाभ झाला तर त्यात स्थानिक लोकांचा वाटा असला पाहिजे. ज्याच्या जाळ्यातून स्पंज आला त्या तांडेलाचा वाटा कसा ठरणार, कोण देणार, कोण मोजणार? हा प्रश्न आपल्या वार्ताहराने आम्हाला विचारला असता तर मी त्याची आभारी राहिले असते. आणखीही एक प्रश्न होता. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठली की ट्रॉलरची जाळी पुन्हा तळ खरवडायला लागतात. जो स्पंज आमच्या हाती मेलेला येतो तो तळावर वाढायला कित्येक वर्षे लागलेली असतात. नाव मिळण्यापूर्वीच किती जाती अशा बंदराच्या गटारात गेल्या असतील, याची बातमी कधी पहिल्या पानावर येईल का?

बातमीच्या दुसऱ्या दिवशी मी आपल्याला खुलासा पाठवला. तो बऱ्याच दिवसांनी आतल्या पानावर, वाचकांच्या पत्रांत, चार ओळींत आला. ‘संशोधन प्राथमिक अवस्थेत असल्याचे प्राध्यापिकेचे स्पष्टीकरण’ असे त्याचे शीर्षक होते. ते वाचून कुणी आपल्या मुलाला परत वॉर्डात नेले असेल, असे मला वाटत नाही. मूळ बातमी मात्र आजही मोबाइलवर फिरते आहे. गेल्या दिवाळीत एका एसटी स्टँडबाहेर कसल्याशा काळ्या अर्काच्या बाटल्या विकायला होत्या, आणि त्यांवर आपल्याच बातमीची छोटी झेरॉक्स चिकटवलेली होती. मी विचारले तर विकणाऱ्याने मला ओळखले नाही. ‘घ्या ताई, समुद्रातलं आहे, पेपरात आलंय,’ म्हणाला.

आपल्याकडे माझे मागणे फार नाही. ती जुनी बातमी आपल्या संकेतस्थळावरून काढा, किंवा तिच्या माथ्यावर ती चूक होती असे ठळक लिहा. यापुढे पेशींच्या तबकडीवरच्या प्रयोगाची बातमी कुणी आणली तर तो प्रयोग माणसांवर झाला आहे का, एवढे एक वाक्य पहिल्या परिच्छेदात घाला आणि ते डेस्कवर कापू नका. शिवाय कर्करोगाचे उपचार करणारा एक डॉक्टर, एक परिचारिका आणि सात दिवसांचे ते सलाईन घेतलेला एखादा बरा झालेला रुग्ण यांच्याशी बोलून सिटाराबीनवर एक पूर्ण पान द्या. आपला तोच वार्ताहर पाठवा, त्याला लिहिता येते. स्पंज मी दाखवीन, सुयाही दाखवीन.

हे पत्र आता दुसरीकडे छापून येते आहे, पण ज्यांनी ती बातमी वाचली ते वाचक आपले आहेत, म्हणून आपणही ते छापावे ही विनंती. जागा कमी पडली तर माझे गाऱ्हाणे, माझे छायाचित्र, तांडेलांची गोष्ट, सगळे खुशाल कापा. बर्गमानच्या स्पंजापासून सलाईनच्या स्टँडपर्यंतचे परिच्छेद तेवढे राहू द्या, आणि त्यांवर असे शीर्षक द्या की रुग्णाच्या घरच्यांच्या नजरेतून ते सुटणार नाही.

आपली,
रसायनशास्त्राची एक प्राध्यापिका
रत्नागिरी